मारणारा हात

४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिस आसिसीकर यांचा सण. काही वर्षांपूर्वी या दिवशी सकाळच्या मिस्सेत मी वसतिगृहाच्या मुलांना प्रवचन केले. पाखरांना भावंडे मानणारा हा संत, त्याची साधी राहणी, सृष्टीवरचे त्याचे प्रेम, १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले ती हकीकत, असे सारे यथासांग सांगून झाले. न्याहारीनंतर नित्याप्रमाणे मुलांना पाळीपाळीने शेताच्या राखणीला पाठविले. भात दुधात आले होते आणि मुनियांचे थवेच्या थवे खाचरांवर उतरत होते. गोफणी वाटताना सातवीतला एक मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. चेहऱ्यावर उर्मटपणाचा लवलेश नव्हता. त्याने विचारले, “फादर, सकाळी ती आपली भावंडं होती. मग आता दगड कुणाला मारायचा?”

मी हसलो आणि “दगड हवेत मार, नुसता आवाज कर” असे सांगून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न माझ्यापाशीच राहिला. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र शिकताना ज्या प्रश्नांवर आम्ही तासन्‌तास वाद घातला, त्यांत हा प्रश्न कधी आला नव्हता. तो महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर, चिखलाने माखलेल्या पायांनी माझ्यापुढे आला.

प्रथम शेतकऱ्याची बाजू मांडली पाहिजे. कारण पाखरांची आणि उंदरांची बाजू मांडणारे बहुधा दुकानातून तांदूळ विकत घेणारे असतात. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांत शेत म्हणजे मैलोगणती पसरलेले रान नव्हे. डोंगराच्या कुशीत पायऱ्यांसारखी उतरत गेलेली लहानलहान खाचरे, वरकस जमिनीत थोडी नाचणी, थोडी वरी, आणि भात निघाल्यावर ओलीवर टाकलेले वाल. पाऊस अमाप, परंतु पीक एकच. त्यात २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैमधील पूर आणि दरडी ज्यांनी पाहिल्या, त्यांना निसर्गाच्या दयाळूपणावरचे प्रवचन फार काळ ऐकवत नाही. दासगाव, जुई, कोंडिवते, तळिये ही नावे उच्चारली की इकडचा माणूस अजूनही क्षणभर गप्प होतो. अशा ठिकाणी हाताशी आलेल्या भाताची रोपे एका रात्रीत बुंध्यापासून तिरकी कातरलेली दिसली, म्हणजे त्या घरातल्या बाईच्या तोंडून जे शब्द निघतात ते मी इथे लिहू शकत नाही. पण त्यांना पाप म्हणण्याचे धाडसही मला होत नाही.

हे काम बहुतेक घुशीचे किंवा शेतातल्या उंदराचे असते. वसईच्या वाड्यांतून केळी आणि भाजी पिकविणाऱ्या वाचकांना घुशीची ओळख करून द्यायला नकोच. ती बांध पोखरते, त्यामुळे खाचरातले पाणी निघून जाते. ती खाते त्याहून अधिक तोडते आणि तोडलेले बिळात साठविते. तिची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले सहज होतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून भूक नसली तरी त्याला काहीतरी कुरतडत राहावेच लागते. यात त्याचा दुष्टपणा नाही. तो त्याचा देह आहे. परंतु त्या देहाचा भार कोणाच्या तरी ताटावर पडतो. मिझोराममध्ये १९५९ च्या सुमारास बांबू फुलोऱ्यावर आला, त्या बियांवर उंदीर अतोनात वाढले आणि बिया संपल्यावर ते शेतांत आणि कोठारांत घुसले. त्यातून दुष्काळ पडला, आणि त्या दुष्काळातल्या उपेक्षेने एका प्रदीर्घ बंडाळीला खतपाणी मिळाले. मुंबईत १८९६ साली आलेल्या प्लेगची कथा आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेली असेल. उंदरापासून पिसवेमार्फत माणसाला हा रोग होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. आजही पुराचे पाणी ओसरले की कोकणात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, तीही मुख्यतः उंदराच्या मूत्रामुळे. तेव्हा उंदीर मारणे हे मुळातच पाप आहे असे सांगणारा धर्मगुरू आपल्या लोकांच्या ताटाकडे आणि खाटेकडे पाठ फिरवून बोलत असतो.

मग विषय संपला काय? संपत नाही. ‘मारावे की नाही’ हा प्रश्न सुटला की ‘कसे, किती आणि कोणाच्या हाताने’ हे तीन प्रश्न उरतात. आणि माझ्या मते नीतीचा खरा कस तिथेच लागतो.

आपल्या परंपरेत याविषयी दोन टोके नाहीत, एक मधली वाट आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी मनुष्याला अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्याची मुभा दिली. पण त्याचबरोबर बजावले, की जो मुक्या जनावरांशी क्रूरपणे वागतो, त्याला माणसांशी क्रूरपणे वागण्याची सवय सहज जडते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही असे म्हटले आहे. येथे ‘विनाकारण’ हा शब्द कळीचा आहे. आणि जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात एक लहानशी आज्ञा आहे, जी आपण क्वचितच वाचतो. वाटेत पाखराचे घरटे सापडले, तर पिल्ले किंवा अंडी घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. मला या आज्ञेचे नेहमी नवल वाटते. ती पाखराला हात लावू नये असे म्हणत नाही; आणि सारेच घ्यावे असेही म्हणत नाही. भुकेलेल्या माणसाला ती घेऊ देते आणि त्याच वेळी त्याच्या हाताला थांबायला शिकविते.

हा थांबणारा हात पाखरांच्या बाबतीत समजणे तसे सोपे आहे. पाखरू मोठे सावध असते. बुजगावण्याला ते दोन दिवस भिते आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याच खांद्यावर बसते. कावळ्याला तर गोफण घेतलेला माणूस आणि रिकाम्या हाताचा माणूस यांतला फरक लांबूनच कळतो. अमेरिकेत सिॲटल येथील विद्यापीठात २००६ साली संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर कित्येक वर्षे तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करीत. इतकेच नव्हे, तर पकडण्याच्या वेळी जे कावळे तिथे नव्हते, तेही इतरांकडून ही ओळख शिकले. ज्याला इतके कळते, त्याला हाकलणे पुरते. मारण्याची गरज क्वचितच पडते. शेतात माळ्यावर बसून, पत्र्याचा डबा वाजवून, आरोळ्या ठोकून तीन-चार आठवडे राखण केली की दाणा पक्व होतो आणि थवे पांगतात. यात कष्ट आहेत, मुलांची झोप जाते, हे खरे. पण पाखराचे सावधपण ही आपल्यासाठी एक सवलतच आहे: भीती दाखवून काम भागते, तिथे जीव घेण्याचे कारण उरत नाही.

कायद्याची दृष्टीही हळूहळू बदलत गेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा, उंदीर आणि फळे खाणारी वटवाघळे यांना उपद्रवी ठरविणारी एक वेगळी अनुसूचीच होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. कोणता प्राणी, कोठे आणि किती काळ उपद्रवी मानायचा, हे आता केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवायचे असते. मला यात एक नैतिक शहाणपण दिसते. कोणताही जीव जन्मतः आणि सदासर्वकाळ ‘उपद्रवी’ नसतो. विशिष्ट जागी आणि विशिष्ट वेळी तो उपद्रव देतो.

हे भान सुटले म्हणजे काय होते, ते चीनने दाखविले. १९५८ साली तिथल्या सरकारने उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या या चौघांविरुद्ध मोहीम उघडली. लोकांनी थाळ्या वाजवून चिमण्यांना बसूच दिले नाही. दमून त्या आकाशातून खाली पडल्या. पुढे ध्यानात आले की चिमण्या नुसते धान्य खात नव्हत्या, पिकावरचे किडेही खात होत्या. १९६० साली त्या यादीतून चिमणीचे नाव काढून ढेकणाचे घालण्यात आले. पण तोवर भीषण दुष्काळ सुरू झाला होता. त्या दुष्काळाची इतर कारणे मोठी होती. तरी चिमण्यांचा संहार हेही त्यांतले एक कारण मानले जाते.

याउलट काही ठिकाणी मारणे हेच राखणे ठरते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जहाजांतून गेलेले उंदीर दूरदूरच्या बेटांवर उतरले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी-पिल्ले त्यांनी फस्त केली. न्यूझीलंडने २०५० पर्यंत असे परके उंदीर देशातून नाहीसे करण्याचा संकल्प २०१६ साली जाहीर केला. दक्षिण जॉर्जिया हे बेट २०१८ साली उंदीरमुक्त घोषित झाले. आमच्या बांधावरची घूस मात्र अशी परकी नाही. ती याच मातीतली आहे आणि तिला खाणारेही याच मातीत आहेत. म्हणून तिकडचा संकल्प जसाच्या तसा इथे लागू करता येत नाही. तिला नाहीशी करणे हा आपला हेतू असू शकत नाही; तिला आवरणे, एवढाच असू शकतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे वळतो. त्या प्रवचनाच्या पुढच्याच वर्षी आमच्या शेतात घुशी फार माजल्या. मी बाजारातून झिंक फॉस्फाइडची काळपट पूड आणली. दुकानदाराने रीत समजावून सांगितली, “फादर, पहिले दोन-तीन दिवस नुसतंच धान्य ठेवा, तेल लावून. त्यांचा विश्वास बसला की मग पूड मिसळा.” उंदीरही पाखराइतकाच सावध. नव्या वस्तूला तो एकदम तोंड लावत नाही आणि एकदा आमिष खाऊन आजारी पडला की त्याला पुन्हा शिवत नाही. म्हणून आधी त्याला जेवू घालायचे आणि मग मारायचे. मी तसे केले. असत्य हे बुद्धिमान प्राण्यापाशीच बोलता येते, उंदराशी विश्वासघात होऊ शकत नाही, हे शास्त्र मला ठाऊक होते. तरी तिसऱ्या संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी ती पुडी ठेवताना माझा हात चोरासारखा वागत होता, हे मला कबूल केले पाहिजे.

पहिल्या रात्री काही मेले. उरलेल्यांनी ते धान्य पुढे हुंगलेही नाही. मग मी ब्रोमाडिओलोनच्या वड्या आणल्या. या विषाने रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि उंदीर काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. मरण लांबते, म्हणून आमिषाचा संशय त्याला येत नाही. परंतु त्या चार-पाच दिवसांत विष पोटात घेऊन सुस्तावलेला उंदीर उघड्यावर फिरत राहतो. आठवड्याभराने प्रार्थनामंदिराच्या पोटमाळ्यावर राहणारे गव्हाणी घुबड मला आंब्याखाली मरून पडलेले आढळले. ते विषानेच मेले असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माझ्या मनात शंका उरली नाही. रोज रात्री जो आमचे उंदीर फुकट मारीत होता, त्यालाच बहुधा मी मारले होते.

महाड तालुक्यातल्या लोकांना हा धडा नवा असायला नको. नाणेमाचीच्या परिसरात गिधाडांची वस्ती आहे. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने देशभरातली गिधाडे जवळजवळ संपली, आणि जनावरांसाठी त्या औषधाचा वापर २००६ साली बंद करावा लागला. ते औषध कोणी गिधाडे मारण्यासाठी टोचले नव्हते. गाईचे दुखणे कमी करण्याची ती दया होती. हेतू चांगला असूनही हात किती लांबवर पोचतो, याचा हा दाखला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या परिपत्रकात सृष्टीतले सारे काही एकमेकांशी जोडलेले आहे यावर भर दिला. मला ते त्या आंब्याखाली पटले. आणि विषाचा शेवट घुबडापाशीही होत नाही. उंदरांसाठी आणलेली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरातल्या लेकराच्या किंवा रागाच्या भरातल्या एखाद्या सुनेच्या पोटात जाते आणि दोन-चार दिवसांत यकृत निकामी करते. अशा एका दफनविधीला मी उभा राहिलो आहे. अधिक लिहीत नाही.

घुबड पुरले त्या दिवशी जवळच्या वाडीतला एक म्हातारा कातकरी आला. हातात पहार, सोबत नातू. त्याने बांधावरून एक फेरी मारली, ताज्या मातीवरून चालते बीळ ओळखले, मागची तोंडे ढेकळांनी बुजविली, एका तोंडाशी गवत पेटवून धूर आत फुंकला आणि खणू लागला. तासाभरात त्याने पाच घुशी काढल्या. प्रत्येकीला एकच फटका. बिळाच्या तळाशी पायलीभर लोंब्या निघाल्या. त्याने त्या माझ्यासमोर ठेवल्या. मी म्हणालो, “बाबा, या तुम्हीच न्या.” त्याने मान हलविली. मग मेलेल्या घुशी शेपटीला बांधता बांधता तो सहज म्हणाला, “फादर, तुम्ही एवढं मारलं, पण खाल्लं कुणी?”

मी त्या वाक्याचे अवडंबर माजवू इच्छीत नाही. तो तत्त्वज्ञान सांगायला आला नव्हता. त्या दिवशी त्याच्या घरात कालवण नव्हते, म्हणून तो आला होता. त्याचा फटकाही प्राण घेणाराच होता. परंतु त्याच्या मारण्यात आणि माझ्या मारण्यात मला तीन भेद दिसले. त्याने ज्याला मारले त्याला पाहिले. मी पाहिले नाही. त्याचा घाव त्या पाच घुशींपाशी थांबला. माझा थांबला नाही. आणि त्याने जे मारले त्याचे अन्न झाले. माझ्याकडे नुसती दुर्गंधी उरली.

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. कातकऱ्यांच्या जीवनात उंदराला फार मोठे स्थान आहे. काही ठिकाणी ‘उंदीर नवमी’ हा दिवसही पाळला जातो. आपण मात्र ‘उंदीर खाणारे’ हे शब्द त्यांच्यासाठी शिवीसारखे वापरतो. खैरापासून कात काढणारी ही जमात; ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याची परंपरा तिला जन्मतः गुन्हेगार ठरवीत आली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कलंक कागदावरून पुसला गेला. आज महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल आदिवासी जमातींत तिची गणना होते. बहुतेकांना स्वतःची जमीन नाही. पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. म्हणजे ज्या शेताचा उंदीर तो काढतो, ते शेत त्याचे नाही. ज्या भाताचे रक्षण करतो, तो भात त्याच्या चुलीवर शिजत नाही. मारण्याचे काम आपण त्याला देतो आणि मारण्याची घाणही त्याच्याच अंगाला चिकटवतो. आपले हात स्वच्छ राहतात. पिलातानेही हात धुतले होते. ज्या महाडात १९२७ साली पाण्याच्या स्पर्शावरून माणसाची पारख करणाऱ्या रूढीला चवदार तळ्यावर आव्हान दिले गेले, तिथेच कोणाच्या ताटात काय आहे यावरून आपण माणसाची पायरी ठरवावी, हे उंदीर मारण्यापेक्षा कितीतरी मोठे पाप आहे.

आता आमच्या शेतात विष येत नाही. मी कोणाला तसा नियम घालून देत नाही. ज्याचे पोट दोन खाचरांवर आहे, त्याने कधी नाइलाजाने ते वापरले तर त्याच्यावर दगड टाकायला मी पुढे होणार नाही. मात्र त्याने ते मोजून, जपून, मेलेले गोळा करून पुरून टाकून आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे वापरावे, एवढे मी आवर्जून सांगतो. आम्ही बांध अरुंद ठेवतो, कारण रुंद बांधात घुशीला घर करायला सोय होते. उन्हाळ्यात बिळे खणून काढतो, आणि शक्यतो शेजाऱ्यांबरोबर एकाच वेळी. एकाने काढली तर दुसऱ्याच्या शेतातून ती परत येतात. शेतात उंच आडव्या काठ्या रोवल्या आहेत, रात्री घुबडाला बसायला. धामण दिसली तर मुले आता काठी शोधायला धावत नाहीत. खणणाऱ्या माणसाला दिवसाची पूर्ण मजुरी देतो, बिळातले भात त्याचे, आणि दुपारी तो आमच्या पंगतीत बसतो. या शेवटच्या गोष्टीला सुरुवातीला आमच्यातल्याच काहींनी नाके मुरडली होती. इतके करूनही थोडे भात जाते. ते दरसाल जाते, आणि दरसाल मला त्याचे वाईट वाटते.

त्या मुलाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. ज्याच्या नजरेआड एक चिमणीही जमिनीवर पडत नाही असे आपण ज्या पित्याविषयी मानतो, त्याच्या नजरेआड ती घूसही मरत नसणार. मारावे लागणे हा या जगात राबून खाणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलेला भार आहे. तो नाकारणे ढोंग ठरेल, आणि तो न जाणवणे त्याहून वाईट. तो मुलगा आता मोठा झाला आहे, स्वतःची खाचरे कसतो. गेल्या भाताच्या वेळी वाटेत भेटला, खांद्यावर गोफण होती. मी विचारले, “मग, दगड कुणाला मारतोस?”

तो म्हणाला, “बहुतेक वेळा कुणालाच नाही, फादर. पण मारला तर जाऊन बघतो.”